चॉकचा गोल

लकडगंजात, मावजीभाईंच्या आरामशीनवर
पहिल्या दिवशी यादोराव म्हणाले,
आंगठी काढ. पट्टा काढ, त्याचं बक्कल बोंबलते.
करदोट्याले चावी आहे का? ते बी काढ.
आधी तुझं लोखंड खुंटीले टांग,
मंग लाकडाचं शोध.

मशीन म्हणजे एक काळा दांडा, धोब्याच्या थापीएवढा,
मुठीपाशी बटण.
जास्त फिरवलं की ओल्या सागावरही ओरडतं,
ट्रॉलीच्या रुळांवर ओरडतं.
कमी फिरवलं की तीन इंची खिळ्यावरूनसुद्धा
उधारीच्या गिऱ्हाइकासारखं
मान खाली घालून निघून जातं.

हवेत धर पह्यले, म्हणाले, जमिनीपासून दूर.
कुरकुरेपर्यंत पुढे ने,
मंग केसभर मागे.

तो केसभर
मला चार दिवस सापडला नाही.

मे महिना. पत्र्याखाली भुसा तापलेला,
चहावर भुशाचीच साय.
मी फळीवरून दांडा सपासप फिरवत होतो.
झाडू मारून राह्यला का बे?
माय सारवते तसं फिरव,
मागच्या हातावर अर्धा हात चढला पाह्यजे.
जे जागा कोरी ठेवशीन
खिळा तिथंच बसून राह्यते.

एकदा आडवा, एकदा उभा.
दोन रेघा कापतील तिथे चॉकचा गोल.
माझे पहिले गोल पुरणपोळीएवढे होते.
येवढ्या गोलात त लगन लागून जाईन,
म्हणाले, आणि पायानं पुसून टाकले.

तुळया येत पाडलेल्या दुकानांच्या,
एका बंद शाळेच्या, कुठल्याशा धर्मशाळेच्या.
निघालेलं सगळं डालड्याच्या डब्यात पडे:
कॅलेंडरचा खिळा, पाळण्याची कडी,
घंटेचा आकडा झिजून दोऱ्यासारखा झालेला,
आणि एका खांबातून पाच छर्रे,
एकाच उंचीवर, ओळीनं.
त्यांच्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

खोली कशी ओळखायची
हे मात्र त्यांनी लाकडावर शिकवलं नाही.
दुपारच्या सुट्टीत सदरा काढून
माझ्याकडे पाठ करून बसले. फिरव.

उजव्या खांद्याच्या फऱ्यावर दांडा किंचाळला.
आता उचल. हळू. आवाज मरते तिथं थांब.
लवकर मेला त खोल आहे, उशिरा मेला त वरवर.
किती बोटं उचलला?
तीन.
त्यांनी उजवा पंजा मागे आणून दाखवला.
बरोबर, म्हणाले, इथं बी तीनच हायेत.
आऱ्याचा दात आहे तो.
तेव्हा हे मशीन नोयतं,
आम्ही कान लावून लाकूड ठोकत होतो.
डॉक्टर म्हणला राहू द्या, काही मांगत नाही तुम्हाले.
मग त्यांनी सदरा घातला,
आणि मी बटण पाहत राहिलो उगाच.

शनिवारी आलापल्लीचा साग आला, ताजा,
बुंध्यावर डेपोचा शिक्का अजून ओला.
मावजीभाई म्हणाले, जंगलातून सरळ आलाय,
यात कोण खिळा ठोकणार? घ्या लावून.
ट्रॉली हललीसुद्धा.
मी दांडा फिरवला. आडवा काही नाही.
उभा फिरवताना एकदाच,
कोणी दाराआडून खाकरावं तसं.

परत फिरवला. काही नाही.
मावजीभाईंनी घड्याळ पाहिलं.
मी रुपयाएवढा गोल काढला
आणि हात मागे घेतला.

यादोरावांनी मला काहीच विचारलं नाही.
जाऊन मोटर बंद केली.

दीड तास पटाशी चालली.
मावजीभाई दोनदा आत गेले, दोनदा बाहेर आले.
चार बोटं आत काळा डाग, मग गंज,
मग तारेची एक गाठ, दुहेरी, घट्ट.
कधी कोणी झाडाला बांधलं असेल
कुंपण, की वासरू.
झाड तिच्यावरून वाढत गेलं
वर्षाला एक कडं घालत.

यादोरावांनी ती पकडीनं उपटली,
उजेडात धरून पाहिली थोडी,
डब्यात टाकली.

चला, म्हणाले, मोटर लावा.