पाऊण तास

तीन चाळीसला आणलं होतं त्याला.
एलेउतेरियो विदाल, वय एकोणसाठ,
गोदीत क्रेन चालवायचा.
पोट फळीसारखं कडक, ओठ राखाडी,
आणि तरी मला म्हणाला, डॉक्टर, तुम्ही टेका थोडं,
पाय भरून आले असतील.

कागदावर मी लिहिलंय चार पंचवीस.

मधला पाऊण तास माझ्याकडे आहे.

त्या पाऊण तासात बुल्नेस सर
पार्किंगमध्ये आपल्या गाडीत झोपले होते.
फोन मांडीवर, वाजून वाजून गप्प झालेला,
काचा आतून धुरकटलेल्या.
शोधत शोधत नोल्बेर्तो खाली पोचला
तेव्हा त्याला आधी वाटलं, सर गेले.
एकतीस तास उभे होते ते.
अकरा पोटं शिवली होती,
त्यातली नऊ माणसं आपल्या पायांनी घरी गेली.
विदाल बारावा. तो टेबलावरच संपला.

नवा कागद घे, सर म्हणाले
हात धुता धुता, समोरच्या आरशात न बघता.
धमकी नव्हती ती. धमकी असती
तर मी नाही म्हटलं असतं,
निदान असं मानायला मला आवडतं.
ते दमले होते आणि खरं तेच सांगत होते:
रविवारी रात्री या सगळ्या टेकड्यांना मिळून
पोट उघडणारा दुसरा माणूस नाही.

मी नवा कागद घेतला.
अक्षर बरं आलं.

जुना कागद खिशात राहिला,
हिरव्या कपड्यांबरोबर धुवायला गेला
आणि पांढरा गोळा होऊन परत आला,
वाटाण्याएवढा.
तो मी टाकलेला नाही. का, ते विचारू नका.

जुलै आहे. वाल्पाराइसोवर धुकं इतकं
की बंदरातली जहाजं नुसती हंबरतात, दिसत नाहीत.
घरी जाताना एकशे बासष्ट पायऱ्या,
मधल्या वळणावर एक लंगडा कुत्रा,
तो माझ्या कपड्यांचा वास घेतो आणि बाजूला होतो.
शेजाऱ्यांचा मायक्रोवेव्ह पिप्प करतो
की माझा हात आपोआप कुणाची तरी नाडी शोधतो.
चियानहून आई विचारते, कुणी आवडलं का गं?
मी म्हणते, झोप.

कुणी गेलं की मी आधी घड्याळ बघते, मग माणूस.
नातेवाईक रडायला लागले की मनात हिशेब सुरू:
किती वेळ चालेल हे, खाट कधी मोकळी होईल.
याची लाज वाटायची पूर्वी.
आता लाज वाटत नाही याचीही
वाटत नाही.

शनिवारी त्याची बायको आली. झुनिल्दा.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली बरणी,
मेंब्रियोचा घट्ट, लालभडक मुरंबा.
म्हणाली, तुम्ही किती धावपळ केलीत.
आणलं आणि लगेच आत घेतलंत त्याला.
मी खुळी, मला वाटत होतं आम्ही फार वेळ बसलो बाकावर.
भीतीनं वेळ लांबतो ना, डॉक्टर?
तुमचा कागद बघितला तेव्हा कळलं,
आमचंच भिंतीवरचं घड्याळ पुढे पळतंय.
नातवाला स्टुलावर चढवून
पाऊण तास मागे करून घेतलं.

मी तोंड उघडलं.
मुरंबा घेतला.

रात्री सगळ्यांनी एकाच चमच्यानं खाल्ला तो,
नोल्बेर्तोनं, बाराव्या खाटेजवळच्या शिकाऊ पोरीनं.
सरांनी विचारलं, कुणी दिला?
सांगितलं. घड्याळाचंही सांगितलं.
त्यांनी चमचा खाली ठेवला नाही,
बराच वेळ तोंडातच धरून उभे राहिले,
ताप मोजायला सांगितलेल्या मुलासारखे.

वर कुठल्याशा टेकडीवर
एक घर आता पाऊण तास मागे चालतंय.
सोमवारी त्या पोराची बस चुकली असेल.
त्यालाच रागावले असतील.