ऊना क्विर्कचा खोका

निघताना तिने इस्त्री दिली चंद्राणीला,
कुंड्या समोरच्या इजिप्शियन मास्तरांना,
आणि मला हा खोका. केळ्यांचा, फिलिपिन्सचा,
हात घालायला दोन्हीकडे भोकं असलेला.
‘वजन होतं गं,’ म्हणाली,
‘आणि तिकडे ही कुणी वाचत नाही.’

अहमदीत, तेलकंपनीच्या शाळेत
एकोणतीस वर्षं तिने लायब्ररी सांभाळली.
शुक्रवारच्या मिस्साला माझ्या पुढच्या बाकावर,
गुडघे दुखायचे म्हणून अर्धीच टेकायची.
तेवढीच ओळख. आणि किडनी बसली तेव्हाचे
माझ्या वॉर्डातले सहा आठवडे.

तेवीस पुस्तकं. सगळी बायांनी लिहिलेली.
तिच्या बेटावरचा दुष्काळ, पवित्र विहिरी, मठातल्या आठवणी,
कवितांचं एक पातळ पुस्तक, चहाचा डाग पडलेलं.

रात्रपाळीला मशिनी रक्त गाळत बसतात,
मी बोटाखाली ओळ धरून वाचत बसते.
माझं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरचं.
त्यात बटाट्यावरची कीड कळली, बिशप कळले;
विटाळ कळायला मात्र दोन रात्री गेल्या.
बाळंतीण चाळीस दिवस बाहेर,
मग हातात मेणबत्ती धरून चर्चच्या दारातून आत.
अगं बाई, ही तर आमच्या गासची गोष्ट!
माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा आई घरीच होती.
माझं नाव पहिल्यांदा मोठ्याने पुकारलं
ते तिने ऐकलंच नाही.

दुसऱ्या एका पुस्तकात पोरांच्या गळ्यात काठी.
घरची भाषा बोललं की काठीवर खाच,
संध्याकाळी खाचा मोजून तेवढ्या छड्या.
आमच्या कॉन्व्हेंटात काठी नव्हती,
पत्र्याचा बिल्ला होता, कादोडी बोलणारीसाठी.
मी तो आठवडाभर मिरवला. खरंच मिरवला.

एक लेखिका जुनी रजिस्टरं धुंडाळते बायांच्या शोधात,
आणि तिला सापडत जातं:
अमका, आणि त्याची बायको. तमका, आणि त्याची बायको.
मी पर्समधून सिव्हिल आयडी काढून पाहिलं.
अरबीत ‘प’ नाही.
परेराची मी बरेरा झाले, त्याला सतरा वर्षं झाली.

मग ते मठाच्या धोबीखान्यावरचं.
पान एकशे बारा. कडेला पेन्सिलीने, बारीक:
पेगमावशी?
पुढची वीस पानं कोरी.
मग परत तेच अक्षर: निळा कोट.
बस. त्यानंतर काहीच नाही,
शेवटच्या पानावर एक शून्य, पुसलेलं.

आणि मला तो वॉर्ड आठवला, बेड चौथा.
सुई टोचताना ती कधी कण्हली नाही.
फक्त चादरीचं टोक उलटून बघायची
आणि एकदा विचारलं होतं,
‘ह्या कोण धुतं?’
मी म्हटलं होतं, ‘कंपनी.’

फोनवर दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.
काय विचारणार? मावशी सापडली का?

काल पाळी सुटल्यावर तळघरात उतरले.
वाफ, पांढरे ढीग, एक खिडकी, तीही रंगवलेली.
नाव विचारलं तशी बाई घाबरली,
‘कम्प्लेंट आहे सिस्टर?’
नाही गं, म्हटलं. नुसतंच.
तिचा विश्वास बसला नाही. तरी सांगितलं,
दोनदा सांगितलं, मला नीट ऐकू येईना म्हणून.

पान एकशे बारा, तिच्या अक्षराखाली,
मराठीत लिहून ठेवलं:
ओबुलम्मा. कडपा.

खोका पुन्हा पलंगाखाली सरकवलाय.
माझंही तिकीट मार्चचं आहे.
तीस किलो.