तीन चमचे

पहाटे तीन चाळीसला, मोन्तेव्हिदेओत,
नेलिदा इचेव्हेरी बटण दाबते
आणि हात खिशात घालते.
यापुढचं तिचं नाही.

शिशाच्या जाड काचेपलीकडे, काकवीतून बघावं तसं,
सिरिंजा आपापल्या वर चढतात, खाली उतरतात.
सायक्लोट्रॉनने तासभर झोडपलेलं
जड ऑक्सिजनचं पाणी नळीतून येतं,
नायट्रोजन फुंकर घालतो, झडप टिचकी वाजवते.
चोवीस मिनिटं. माणूस नको.

तेवीस वर्षांपूर्वी ती हे चिमट्याने करायची,
विटांच्या आडून, श्वास धरून;
बोटातली अंगठी तेव्हा किरणं मोजायची.
अंगठी अजून आहे. आकडा शून्य येतो.
शून्य आल्यावर बरं वाटायला हवं.

शेवटी ती एक थेंब कागदावर टेकवते, रंग बघते.
एवढंच हातचं राहिलंय.

मग घड्याळ.
शेराचा अच्छेर एकशे दहा मिनिटांत,
अच्छेराचा पावशेर आठाच्या आत,
मग नवटाक, मग छटाक,
वाटेत कोणी काही न सांडता.

वॉशिंग्टन (आईने ठेवलं, त्याचा काय इलाज)
शिशाचं भांडं मूल कडेवर घ्यावं तसं घेतो
आणि नदीकाठच्या रस्त्याने सुटतो.
चौघांचे डोस.

चौथी दोन्या ओफेलिया. लोकरीच्या गिरणीत चाळीस वर्षं,
आता फुप्फुसात काहीतरी.
नर्स बोट टोचते. दोनशे एकसष्ट.
"काही खाल्लंत?"
"कालपासून कण नाही. नुसता येर्बाचा चहा."
"गोड?"
ती पायाशी ठेवलेल्या थर्मासकडे बघते.
"कडू घशाखाली उतरतच नाही, पोरी. तीन चमचे."

तीन चमचे, वाण्याकडची साखर,
पेशीपेशीच्या दारात आधीच रांग लावून.
"मंगळवारी या."

फोन आल्यावर नेलिदा वहीत लिहिते: वापरला नाही.
मागे यंत्र स्वतःला धुतंय.
चिडायचं कोणावर?

भांडं परत येतं, कोपऱ्यात बसतं.
आत, कोणी बघत नसताना,
एकेक फ्लोरिनचा ऑक्सिजन होतो,
आणि साखरेचं सोंग घेऊन निघालेला रेणू
खरोखर साखर होतो.
उद्यापर्यंत सगळीच.
मुंगीलाही पुरणार नाही एवढी,
आणि जराशी जड.