एक्क्याऐंशी

सूतगिरणीचा भोंगा कायमचा थांबला
तेव्हा मी पंचावन्नचा होतो,
तिची नर्सबाईची नोकरी आणखी चार वर्षं.
उपकेंद्राच्या पायरीवर बसून
आम्ही पेन्शनचा फॉर्म उघडला,
मधे वाटीत फुटाणे.

आता मागितली तर दोन हजार चाळीस.
अठ्ठावन्नपर्यंत थांबलो तर तेवीसशे दहा.
आकडे वाचताना माझा आवाज आपोआप उतरला,
तिचा पगार तर रेशनवाल्यालाही तोंडपाठ आहे.

वीजबिलाच्या पाठीवर गुणाकार केला:
थांबलो तर हातचे जातात त्र्याहत्तर हजार,
ते दोनशे सत्तर-दोनशे सत्तरने भरून निघायला
मला एक्क्याऐंशीत पाऊल टाकावं लागेल.
माझा बाप बासष्टाव्या वर्षी गेला,
त्याचा बाप त्याच्याही आधी.
म्हटलं, "आत्ताच घेतो. दोन हजार तर दोन हजार."

ती मागच्या पानावर पोचली होती.
वारस. नातं. जन्मतारीख.
माझ्यामागे तिला अकराशे पंचावन्न.
तिच्यामागे मला सोळा हजार आठशे,
वर महागाई भत्ता.
म्हणजे कागदाला विचारलं तर
माझं मरण स्वस्त
आणि तिचं मला परवडणारं.
हे दोघांनीही वाचलं.
फुटाणे सोलायचं काम उगाच वाढलं.

मग ती म्हणाली, "थांबा."
"अवं, पण एक्क्याऐंशी..."
"मले समजला आकडा. थांबा म्हनलं ना.
तीन वर्सं माह्या पगारावर जेवाले लाज वाटते का?"

सव्वीस वर्षं रातपाळीला जो डबा नेला
त्यातली डाळ कोणाच्या पगाराची होती
हे मला काय ठाऊक नव्हतं?
"वाटते थोडी," म्हटलं.
"मंग थोडी वाटू द्या."

फॉर्मवर लावायला आर्वीहून जोडफोटो काढून आणला होता.
मागे निळा पडदा,
माझी मान तिच्याकडे कललेली,
फोटोवाल्याने हनुवटी धरून कलवलेली.
तीन वर्षांनी तो चालणार नाही, नवा लागेल.
तिने तो लसींच्या नोंदवहीत ठेवला.

बुधवार होता. शीतपेटी खांद्याला अडकवून
ती अंगणवाडीकडे निघाली,
फाटकातून वळली,
"बीपीची गोळी घेतली का?"

एरवी मी चिडतो.
त्या दिवशी मुकाट आत जाऊन घेतली
आणि पट्टी उजेडात धरून मोजल्या,
अजून नऊ होत्या.