नखभर

विचिटा, कॅन्सस. रात्रीचे पावणेदोन.
हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर बर्फाचं मशीन एकच
आणि त्याच्यापुढे तू,
पायांत नुसते मोजे, हातात खोलीतली कचऱ्याची बादली.

मॅरिट क्नुटसन. चौदा नंबर.
जर्सीच्या मागचं हे नाव मी आज क्वचितच वाचलं.
तू पाठ दाखवलीसच कुठे?

चाळीस मिनिटं.
डावा खांदा पाडून उजवीकडे निसटायची माझी सवय
घरच्यांना ठाऊक नाही, मलाही नीटशी नव्हती.
तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तुला ती तोंडपाठ.
मी पोचायच्या आधी तू तिथे,
पाय रोवून, हात पसरून,
आतून कडी घातलेल्या दारासारखी.
माझ्या बरगडीत तुझं कोपर अजून आहे.
तुझ्या हनुवटीवरचे तीन टाके माझे.

उरले नऊ सेकंद, आणि तुम्ही एकाने पुढे.
चेंडू रेषेबाहेर गेला.
पंचाने बोट आमच्या बाजूला केलं,
मग तिघेही पडद्यावर वाकले,
मागे, पुढे, पुन्हा मागे.
आमचा बँड गप्प झाला.
नॉर्थ डकोटाहून रात्रभर बसने आलेली तुझी माणसं
टोप्या हातात घेऊन उभी राहिली.

पडद्याला काही दिसलं नाही.
चेंडू आमचा.
डेझरेचा तो थ्रो, कड्यावर दोनदा नाचून आत.
एकसष्ट-साठ.
मला कोणीतरी उचललं. कोण ते आठवत नाही.
उद्या छापून येईल, आम्ही काकणभर सरस.
हात मिळवायच्या रांगेत तू म्हणालीस,
‘छान खेळलीस.’
सगळ्यांना म्हणत होतीस तेच, तेवढंच.

मशीन खडखडलं आणि थांबलं.
तुझी बादली अर्धी. माझी कोरडी.
वर न बघता विचारलंस,
‘नख लागलं होतं ना?’

नाही म्हणता आलं असतं.
तीन पंच माझ्या बाजूने होते.
‘हो,’ म्हटलं. ‘करंगळीचं.’

तू बराच वेळ बर्फाकडे बघत राहिलीस.
मग हसलीस, टाके सांभाळत, अर्ध्याच ओठांनी.
‘मीही नसतं सांगितलं,’ म्हणालीस,
आणि ओतलास बर्फ माझ्या बादलीत
तुझ्या अर्ध्यातला अर्धा,
मोजून नाही. माझ्याकडे जरा जास्तच पडला.

मंगळवारी तुझा अ‍ॅनाटॉमीचा पेपर.
यापुढे बास्केटबॉल नाही, हेही त्याच सुरात सांगितलंस,
आणि लिफ्ट सोडून जिन्याने वर गेलीस,
एकेक पायरी, कठडा धरून.

परवा आमची पुढची मॅच.
समोर कोणी असेल, उंच, चपळ,
कदाचित तुझ्याहूनही चांगली.
मी डावा खांदा पाडीन
आणि ती फसेल.
मोकळी वाट दिसेल थेट कड्यापर्यंत,
आणि मला जरा एकटं वाटेल.