दोन वाफ्यांची हद्द

तिसऱ्या शनिवारी साडेपाचला
शहापूरच्या शाळेत, चित्रकलेच्या वर्गात,
मी हजेरीची वही उघडते.
भाड्याच्या खुर्च्या बावीस. माणसं नऊ,
शिपाई धरला तर.
फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडलेली फुलदाणी.
तिच्याखाली मी लिहिते : माळावरचे पक्षी.
अक्कमहादेवी माझ्या हातातला खडू घेते
आणि खालच्या ओळीत तेच कन्नडमध्ये.
वर कोण, खाली कोण,
हे आमचं गेल्या साली भांडून झालंय.
एक महिना ती वर, एक महिना मी.

वक्ते मोनाप्पा मुचंडीकर.
बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर.
उसाच्या गाड्या तोलता तोलता
छपरावरचे पक्षी मोजायची सवय लागली,
ती काही रिटायर झाली नाही.
वहीत तारीख, वेळ, वारा,
शेवटच्या रकान्यात ‘नग’.
माळढोकाच्या पुढं वर्षानुवर्षं शून्य,
तरी दर साली ते त्याची ओळ आखून ठेवतात,
पट्टी लावून.

दुसऱ्याच स्लाइडला लाइट गेली.
पडद्यावरचा धाविक धावता धावता पुसला.
“असू द्या की. पक्षी काय लाइटीवर चालतंय?”
आणि अंधारात त्यांनी रातवा काढला :
फरशीवर सुटलेली गोटी
उसळत, उसळत, थरथरत थांबते, तसा.
लुसीबाईंचा नातू हसायचा थांबला.

मग बँकेतले पाहुणे उठले. म्हणाले,
“पक्ष्यांना कुठली आलीय सीमा!”
आमच्या गावात या वाक्याला टाळी ठरलेली.
आमचे हात उचललेसुद्धा होते.
“कोण म्हणालं?” मोनाप्पा.
“दयाळ पहाटे गळा फाडतो तो काय भूपाळी म्हणतो?
ह्या शेवग्यापासून त्या तारेपर्यंत माझं, म्हणतो.
शेजारचा दयाळ ऐकतो, आपलं सांगतो.
सीमा आहे की ओ. चांगली कडक आहे.
फक्त रोज गाऊन सांगावी लागते,
दगड रोवून घरी जाता येत नाही.”
टाळी कुणी वाजवली नाही.
वही मिटून मी नुसती बसले.

दारात येळ्ळूरचा सातेरी,
खुर्च्या न्यायला आलेला टेंपोवाला.
“एक विचारू? टिटवीचं.
धूळवाफ पेरायची हाय, आणि शेताच्या मधोमध
चार अंडी, ढेकळासारखी.
आई म्हणतंय, अपशकुनी, उचलून बांधापलीकडं ठेव.”

याची स्लाइड कुणाकडंच नव्हती.

“बसून किती दिवस झाले?”
“आठ. धा.”
“मग अजून वीस धर.”
“वीस दिवसांनी पेरणी कुठली ओ?”
मोनाप्पांनी मोबाइलच्या उजेडात
फुलदाणीशेजारी एक चौकोन काढला.
“खाटेएवढं सोड. बाकीचं पेर.
चार काठ्या रोव, पण चिंधी बांधू नको,
चिंधी बघून पोरं येतात, पोरांमागनं कुत्री.”
मग काट्यावरची सवय : डोळे मिटून हिशोब.
“भात जाईल अडीच किलो. फार तर तीन.”
लुसीबाईंनी पर्स उघडली.
सातेरी म्हणाला, “ऱ्हाऊ दे बाई,
बासमती हाय. परवडायचं नाही तुम्हाला.”
अंधारात सगळे हसले, अक्कमहादेवी सगळ्यात शेवटी,
कारण तिला आधी ‘धूळवाफ’ समजावून घ्यायची होती.

पुढच्या तिसऱ्या शनिवारी तो अर्धा तास आधीच आला.
खुर्च्या लावल्या, आणि त्यातल्याच एकीवर बसला.
तीन चालती झाली. एक अंडं मुंगसानं नेलं.
ट्रॅक्टर वळवताना डायवरनं शिव्या दिल्या,
आई अजून रात्री ओरडा ऐकला की दार लावून घेते.
मोनाप्पांनी ‘नग’मध्ये तीन लिहिले,
आणि किंचित थांबून खाली एक रेघ मारली,
मुंगसासाठी असावी.

ह्या महिन्यात वर ती.
तिनं लिहिलं टिट्टिभ, खाली मी टिटवी.
दोघींना एकच खडू पुरला.
खुर्च्यांचं भाडं मात्र सातेरीनं
बाविसांचं पुरतं घेतलं,
स्वतः बसला होता तिचंही.