मऊ अडसर

लेकीनं जाताना जुना लॅपटॉप मागे ठेवला,
त्यात लिनक्स टाकून.
"फुकट नाहीये बाबा, मोकळं आहे,"
असं म्हणून मैथिलीनं
द्वारका सर्कलवरून पुण्याची गाडी धरली.
झाकणावर तिच्या कॉलेजचा अर्धा स्टिकर.

मी अंबडला एकतीस वर्षं लेथवर.
केसाएवढं वाकडं कापलं गेलं तरी
आवाजावरून कळायचं.
ह्या पेटीला आवाजच नाही.
वरच्या कोपऱ्यात वाय-फायचा पंखा दिसायला हवा, तिथं
नुसती बॅटरी आणि घड्याळ.

कार्डाचा ड्रायव्हर नव्हता.
तो इंटरनेटवर मिळतो.
इंटरनेटला ड्रायव्हर लागतो.
विहिरीत उतरायला दोर हवा
आणि दोर विहिरीच्या तळाशी, असली गत.
शेवटी मोबाइल वायरीनं जोडला,
दिवसाचा डेटा त्यातच गेला,
अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर माझाही श्वास अडकला.

तरी नाहीच.
फोनवर मैथिली : "काळी खिडकी उघडा. लिहा,
आर एफ किल, मग जागा, मग लिस्ट."
एका बोटानं लिहिलं, जपून,
ती पाटीवर गिरवायची तसं.
उत्तर आलं :
सॉफ्ट ब्लॉक, येस.
हार्ड ब्लॉक, नो.
म्हणजे गं काय?
"म्हणजे बटण तुटलेलं नाही, बाबा.
कधीतरी कुणीतरी बंद करून ठेवलंय, एवढंच.
सांगितलं की उघडतं."

सांगितलं.
आणि सिडकोची अख्खी गल्ली
माझ्या मांडीवर उतरली :
खैरनार झेरॉक्स,
गांगुर्डे वरचा मजला,
चोरू नका कष्टाचं आहे,
कुणाचा तरी प्रिंटर,
एक बिननावाचं, घटकेत दिसणारं, घटकेत गडप.
माझंच तेवढं नव्हतं. रस्ता खोदताना केबल तुटली,
कंपनी तीन आठवडे "उद्या" म्हणतेय.
सगळ्यांत वर, चारही रेघा भरलेलं,
कुलूपवालं : बच्छाव.

बच्छाव म्हणजे पलीकडची भिंत.
पलीकडची कसली, रो-हाउसला एकच भिंत असते
दोघांत.
पाण्याच्या मोटारीवरून बोलणं थांबलं
त्याला सहा वर्षं झाली.
त्याच्या कढईतला झारा मला ऐकू येतो,
त्याला माझा खोकला.

डिसेंबरातली संध्याकाळ, हाडात शिरणारी.
कानटोपी घालून तो ओट्यावर
सायकलची साखळी पुसत होता.
मी लॅपटॉप उघडाच धरून फाटकाशी.
काय म्हणायचं ते येताना ठरवलं होतं,
ते काही आठवेना.
घसा तेवढा साफ केला.

पडद्याचा उजेड त्याच्या हातांवर पडला असावा.
त्यानं मान वर केली नाही,
चिंधीवर थोडं तेल घेतलं, म्हणाला :
"गोदावरी, मग एक दोन तीन.
सगळी अक्षरं लहान.
मधे जागा सोडायची नाही."